पुरंदर विधानसभा: बारामतीच्या शेजारी राहून बारामतीचं न ऐकणारा मतदारसंघ

कऱ्हाकाठ

परवा दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी सहज लिहून गेलं की पुरंदर म्हणजे बारामतीचीच वाडी, वरून निरोप येतो आणि खालचे लोक बटण दाबतात. तिथे उत्तर दिलं असतं तर अवांतर झालं असतं, म्हणून वेगळा धागा काढतोय. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

पुरंदर हा बारामती लोकसभेच्या सहा विधानसभा मतदारसंघांपैकी एक (बाकीचे दौंड, इंदापूर, बारामती, भोर आणि खडकवासला). लोकसभेला पवारांना मत आणि विधानसभेला भलत्यालाच, असं इथं वर्षानुवर्षं चालत आलं आहे. दिवे गावचे दादा जाधवराव सत्तरच्या दशकापासून 2004 पर्यंत, मधला एक खंड सोडला तर, इथले आमदार होते. आधी जनता पक्ष, मग जनता दल, शेवटी जनता दल (सेक्युलर). राज्यात समाजवाद्यांची एकेक जागा विझत गेली तरी सासवडला, म्हणजे तालुक्याच्या गावी, दिवा तेवत होता. 1999 साली शरद पवारांनी राष्ट्रवादी काढली. नवा पक्ष, नवा जोश, घरचा लोकसभा मतदारसंघ. त्या निवडणुकीतसुद्धा पुरंदरने जाधवरावांनाच पाठवलं. हा 'निरोप' कुठल्या टपालात अडकला होता?

2004 ला राष्ट्रवादीचे अशोक टेकवडे आले. घड्याळाला इथं यश मिळालं ते तेवढंच, पाच वर्षांचं. 2009 ला शिवसेनेचे विजय शिवतारे आले, 2014 ला पुन्हा तेच, 2019 ला काँग्रेसचे संजय जगताप आणि 2024 ला परत शिवतारे. समाजवादी, राष्ट्रवादी, सेना, काँग्रेस, शिंदेंची सेना. जिल्ह्यात एवढी व्हरायटी दुसरीकडे क्वचितच सापडेल.

माझं म्हणणं असं की याचं मूळ पाण्यात आहे आणि कारखान्यात आहे. नसलेल्या कारखान्यात, खरं तर. पुरंदरला स्वतःचा सहकारी साखर कारखाना नाही. बारामती, इंदापूर, माळेगाव, भवानीनगर या पट्ट्यात उसाची नोंद, तोडीची तारीख, सोसायटीचं कर्ज, पोराची नोकरी, सगळं एका साखळीत बांधलेलं असतं. तिथं चेअरमनच्या विरोधात जाताना माणूस चार वेळा विचार करतो. इथल्या अंजीर आणि सीताफळवाल्याला तोडीची तारीख लागत नाही. तो पहाटे पाट्या टेम्पोत टाकतो, पुण्यात गुलटेकडीच्या बाजारात येतो, पट्टी घेतो आणि घरी जातो. त्याला धरून ठेवणार कशानं?

पेठकर

छान धागा. वाचनखूण साठवली. पण समाजवाद्यांबद्दल जरा जास्तच हळवे झालात का? जाधवराव निवडून यायचे ते समाजवादामुळे की घराण्यामुळे? दिव्याचे जाधवराव म्हणजे मराठा सरदार पिलाजीरावांचं नाव मागे आहे. उगीच लोहिया-जेपींना श्रेय देऊ नका.

कऱ्हाकाठ

@पेठकर, दोन्हीमुळे. घराणं होतं हे नाकारत नाही. पण सरदार घराणी जिल्ह्यात काय कमी आहेत? त्यातली बहुतेक वेळेत काँग्रेसमध्ये जाऊन बसली. हा माणूस सत्ता नसलेल्या पक्षात राहून निवडून येत राहिला. माझे वडील घरी काँग्रेसचे, पण विधानसभेला 'चक्र', म्हणजे जनता दलाचं चिन्ह. विचारलं की म्हणायचे, "दादा लग्नाला येतो, मयतीला येतो, आणि मुंबईत आपलं भांडतो." त्यांच्यापुरता विषय संपला.

निरा डावा कालवा

थांबा, थांबा. 'कारखाना नाही' हे सासवडकडून बघितलं म्हणून तसं दिसतंय. आमच्या बाजूला या. निरा, मांडकी, जेऊर, पिसुर्टी. डाव्या कालव्याचं पाणी, ऊस आणि सोमेश्वर साखर कारखान्याचं सभासदत्व. कारखाना बारामती तालुक्यात असला तरी आमच्या घराघरात त्याचा शेअर आहे. सोमेश्वरच्या पंचवार्षिक निवडणुकीला आमच्याकडे जेवढी ईर्षा असते तेवढी विधानसभेला नसते. त्यामुळे पुरंदर एक नाही. खाली कालव्याचा पुरंदर आहे, मध्ये कऱ्हेचा कोरडा पुरंदर, पश्चिमेला किल्ल्याकडचा डोंगरी पुरंदर आणि 2009 पासून दिवे घाटाखालचा फुरसुंगीचा पुरंदर. चौघांची मतं चार दिशांना जातात. 'पुरंदर बारामतीचं ऐकत नाही' म्हणताना आम्हाला त्यात धरू नका. आम्ही ऐकतो, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पाणी मिळालंय.

कऱ्हाकाठ

अगदी मान्य. उलट तुमच्या म्हणण्यानं माझाच मुद्दा पक्का होतो. पाणी आणि कारखाना आहे तिथं ऐकतात, नाही तिथं ऐकत नाहीत!

कोरड्या भागाबद्दल थोडं, कारण पुण्यातल्या वाचकांना कल्पना नसते. कऱ्हा ही पावसाळी नदी. नाझरे धरण, म्हणजे मल्हार सागर, भरलं तर भरलं. पाऊस सह्याद्रीच्या माथ्यावर पडतो आणि आमच्याकडे वारा येतो. म्हणून इथल्या प्रत्येक निवडणुकीत एखाद्या योजनेचं नाव असतं. पुरंदर उपसा सिंचन योजना मुळा-मुठेतून पाणी उचलते. म्हणजे पेठकर, तुम्ही सकाळी वापरून सोडलेलं पाणी डोंगर चढून आमच्या शेतात येतं, आणि त्याचं वीजबिल कोणी भरायचं यावर निवडणुका होतात. दुसरी जनाई-शिरसाई. तिसरी सगळ्यात गाजलेली, गुंजवणी. धरण वेल्ह्यात, पाणी वेल्हे, भोर आणि पुरंदरला, तेही बंद पाइपातून. 'गुंजवणीचं पाणी' हे शब्द ऐकत इथं एक पिढी मतदार झाली.

शिवतारे आधी राष्ट्रवादीत होते. तिथून निघून 2009 ला धनुष्यबाण घेतला आणि प्रचार केला तो पाण्यावर. हिंदुत्व वगैरे नंतर. सेनेची शाखा असलेली गावं तेव्हा बोटावर मोजावी लागली असती, तरी आमदार सेनेचा झाला.

आकडेमोड

2009 चा विषय निघालाच आहे तर एक गंमत सांगतो. त्या वर्षी सुप्रिया सुळे पहिल्यांदा बारामतीतून लोकसभेवर गेल्या, दणदणीत मतांनी. काही महिन्यांनी विधानसभा झाली. सहा मतदारसंघांचे निकाल बघा. खडकवासल्यात मनसेचे रमेश वांजळे, पुरंदरला सेनेचे शिवतारे, भोरला काँग्रेसचे संग्राम थोपटे, इंदापूरला काँग्रेसचे हर्षवर्धन पाटील, दौंडला अपक्ष रमेश थोरात. घड्याळावर निवडून आले एकटे अजित पवार, बारामतीतून. सहापैकी एक!

त्यामुळे 'न ऐकणं' ही पुरंदरची मक्तेदारी नाही. लोकसभेला घर आणि विधानसभेला गाव, असा हिशोब सगळीकडेच आहे.

सीताफळ

+1. हे माहीतच नव्हतं. आम्ही आपलं समजत होतो की बालेकिल्ला म्हणजे बालेकिल्ला.

आकडेमोड

आता 2014 नंतरचे आकडे एकत्र टाकतो, म्हणजे पुढच्या भांडणाला सोय.

2014: शिवतारे (शिवसेना) 82,339, संजय जगताप (काँग्रेस) 73,749. फरक 8,590.
2019: जगताप (काँग्रेस) 1,30,710, शिवतारे (शिवसेना) 99,306. फरक 31,404.
2024: शिवतारे (शिंदे सेना) 1,25,819, जगताप (काँग्रेस) 1,01,631, संभाजी झेंडे (राष्ट्रवादी, अजित पवार) 47,196. फरक 24,188.

2014 ला युती तुटली होती, आघाडीही तुटली होती, त्यामुळे जो तो आपापल्या वजनावर लढला. 2019 ला दोन्ही बाजू एकत्र. आणि 2024 ला मैत्रीपूर्ण लढत, म्हणजे महायुतीचेच दोघं समोरासमोर.

2019 कडे नीट बघा. शिवतारे हरले, पण त्यांची मतं सतरा हजारांनी वाढली होती. लोक त्यांना सोडून गेले असं झालंच नाही. पलीकडे दोन्ही काँग्रेसची बेरीज झाली, बस्स.

एसटी स्टँड सासवड

2019 चं फक्त गणित नाही हो साहेब. त्या वर्षीच्या लोकसभेच्या प्रचारात अजितदादांनी भर सभेत शिवताऱ्यांना आव्हान दिलं होतं, तू पुन्हा आमदार कसा होतो ते बघतोच म्हणून. क्लिप अजून मोबाईलवर फिरते. आणि सहा महिन्यांत खरंच पाडलं. राष्ट्रवादीचा कार्यकर्ता काँग्रेसच्या पंजासाठी घरोघर फिरला, हे सासवडनं पहिल्यांदा पाहिलं. एरवी या दोन काँग्रेस एकमेकींच्या मांडवाला काठी लावायला तयार नसतात.

तेव्हा कऱ्हाकाठ, मूळ प्रश्न असा की 2019 ला पुरंदरने बारामतीचं ऐकलं की नाही?

कऱ्हाकाठ

झोंबणारा प्रश्न आहे. ऐकलं असं म्हणता येईल. पण दुसरी बाजूही घ्या. शिवतारे जलसंपदा राज्यमंत्री झाले, वर साताऱ्याचे पालकमंत्री. खातं पाण्याचं, मतदारसंघ तहानलेला. अपेक्षा कुठं जाऊन बसली असेल? पाच वर्षांत गुंजवणीचा थेंब शिवारात आला नाही म्हटल्यावर राग धरायला बारामतीचा निरोप लागत नाही. शिवाय जगताप काही उपरे नव्हते. वडील चंदुकाका जगताप विधान परिषदेवर होते, संत सोपानकाका बँकेचं जाळं, सासवड नगरपालिका. आव्हान अजितदादांचं, पण घर चंदुकाकांचं.

पेठकर

म्हणजे ऐकलं तर तुमचा सिद्धांत खरा आणि नाही ऐकलं तरी खरा. मजा आहे.

कऱ्हाकाठ

पेठेत राहून असं बोलायला काही लागत नाही. :)

घाटाखालचा

फुरसुंगीवरून लिहितोय. धागा वर वर सासवड-जेजुरीभोवतीच फिरतोय. 2008 च्या पुनर्रचनेत हवेलीतली आमची गावं पुरंदरला जोडली. आमचा पुरंदर तालुक्याशी संबंध काय, तर आषाढीला पालखी आमच्यावरून दिवे घाट चढते. बाकी नोकरी हडपसरला, दवाखाना हडपसरला, पोरांची शाळा हडपसरला. आमदार मात्र घाटावरचा.

आमचे प्रश्न अंजिराचे नाहीत. अख्ख्या पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची-फुरसुंगीच्या डेपोत येऊन पडला. विहिरी गेल्या. मुलांच्या सोयरिकी मोडल्या, त्या वासाला कोण मुलगी देणार? आंदोलनं झाली की गाड्या अडायच्या आणि मग दोन दिवस पेठांमध्ये कचरा साचला की पेपरात बातमी यायची. आमच्याकडे तो कायमच साचलेला, त्याची बातमी नाही.

2017 ला महापालिकेत घेतलं. टॅक्सची बिलं आली, पाणी टँकरचंच राहिलं. मग उलटी मागणी, बाहेर काढा. शिवताऱ्यांनी तो विषय धरला. शेवटी 2024 च्या विधानसभेच्या तोंडावर फुरसुंगी-उरुळी देवाची वेगळी नगरपरिषद झाली. बरोबर की चूक यावर आमच्या सोसायटीत अजून दोन तट आहेत. गावठाणातले खूश, फ्लॅटवाले धुसफुसतायत. पण त्या निवडणुकीत आमच्याकडे बोलणं चालू होतं ते याचं, गुंजवणीचं नाही. मतदारसंघाचे मतदार साडेचार लाखांच्या पुढे गेलेत आणि ही वाढ घाटाखालची जास्त आहे. पुढचा आमदार घाटाखालचा असेल, लिहून ठेवा.

निरा डावा कालवा

सोयरिकीचं वाचून वाईट वाटलं. हे आमच्यापर्यंत पोचतच नाही.

पण 'पुढचा आमदार घाटाखालचा' हे जड आहे. फ्लॅटवाला मतदानाला येतो का? बोपगाव-भिवडीतली म्हातारी काठी टेकत येते.

उदाचीवाडीकर

सगळे विषय निघाले, विमानतळ कुणाच्याच तोंडात नाही. आमचं गाव विमानतळासाठी जमीन जाणाऱ्या सात गावांपैकी एक. पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, वनपुरी, उदाचीवाडी. 2016 ला घोषणा झाली तेव्हापासून आमच्याकडे लग्न जमवताना, विहीर खोदताना, घरावर स्लॅब टाकताना पहिला प्रश्न एकच: जमीन राहणार का? खानवडी म्हणजे महात्मा फुल्यांच्या घराण्याचं गाव, नकाशावर रेघ मारणाऱ्याला त्याचं काय.

मधे महाविकास आघाडीच्या काळात जागा बदलून पूर्वेला रिसे-पिसे, राजुरी, नायगाव, पांडेश्वरकडे न्यायची असं ठरलं. मग तिकडची गावं पेटली. संरक्षण खात्यानं ते फेटाळलं आणि नांगर फिरून परत आमच्यावर. 2025 ला ड्रोन सर्व्हेला पोलीस आले तेव्हा काय झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं.

आमच्या सात गावांत कोणाला मतं पडली याचा तालुक्याच्या निकालावर काही परिणाम होत नाही, हे आम्हाला कळून चुकलंय. सात गावं म्हणजे एकूण मतांत किती? बाकीच्यांना विमानतळ म्हणजे जमिनीचा भाव. त्यामुळे उमेदवार आमच्यात येऊन एक बोलतो आणि सासवडच्या व्यापाऱ्यांपुढे दुसरं.

आकडेमोड

तुमच्या वेदनेवर आकडे टाकणं बरं वाटत नाही, म्हणून तो भाग सोडून 2024 कडे जातो.

मे 2024 ची लोकसभा. शिवताऱ्यांनी मार्चमध्ये जाहीर केलं की पवार घराण्याविरुद्ध अपक्ष लढणार. महिनाअखेर मुंबईत बैठका झाल्या, माघार घेतली आणि सुनेत्रा पवारांच्या प्रचाराला लागले. ज्यांनी 2019 ला पाडलं त्यांच्या घड्याळासाठी मतं मागितली. पुरंदरने काय केलं? सुप्रिया सुळेंना सुमारे 35 हजारांचं मताधिक्य.

नोव्हेंबरला तोच पुरंदर शिवताऱ्यांना 24 हजारांनी निवडून देतो. सहा महिन्यांत जवळजवळ साठ हजारांचा झोका. माझं मत: सुळेंना मिळालेली मतं काँग्रेसची नव्हती, ती सुळेंची आणि साहेबांची होती. विधानसभेला मशीनवर तुतारी नव्हती, पंजा होता. आणि घड्याळ होतं, झेंड्यांचं. जगताप आणि झेंडे मिळून 1,48,827 होतात, शिवताऱ्यांपेक्षा 23 हजारांनी जास्त. 2019 ला जी बेरीज झाली होती तीच 2024 ला फुटली.

एसटी स्टँड सासवड

इथं असहमत. झेंडे महायुतीचे. घड्याळाची मतं शिवताऱ्यांना जायची ती फुटली, नाहीतर लीड पन्नास हजारांच्या वर गेलं असतं, असं त्यांचे कार्यकर्ते छाती ठोकून सांगतात.

आकडेमोड

कार्यकर्ते छाती ठोकतातच. पण 2019 ला आघाडी म्हणून 1,30,710 पडली होती, त्यातली 29 हजार जगतापांकडून कमी झाली. ती गेली कुठं? मला तरी ती बऱ्यापैकी झेंड्यांच्या खात्यात दिसतात. राष्ट्रवादीतला जो माणूस शिवताऱ्यांना काही केल्या मत देणार नाही आणि पंजालाही कंटाळलाय, त्याला हक्काचं तिसरं बटण मिळालं. मात्र शिवताऱ्यांची साडेसव्वीस हजार वाढ यातून सुटत नाही. ती नवीन मतदार, लाडकी बहीण आणि घाटाखालची नगरपरिषद यांत शोधावी लागेल.

वाल्हेकर वहिनी

लाडकी बहीणचा विषय निघाला म्हणून लिहिते, एरवी वाचून जाते. आमच्या बचत गटात चौदाशे विचार आणि एक मत अशी परिस्थिती होती. जमा झालेल्या पंधराशेचा मेसेज ज्या फोनवर आला तो फोन नवऱ्याच्या हातात नव्हता, एवढं लक्षात घ्या. सासूबाई आयुष्यभर 'दादांचं चक्र' म्हणणाऱ्या. या वेळी मतदान करून आल्या आणि कुणाला दिलं ते कुणालाच सांगितलं नाही. गावातले पुढारी आपापल्या वाड्यांचे आकडे सांगत होते, सगळ्यांचे चुकले.

पेठकर

वहिनी, प्रतिसाद फार आवडला. धाग्यात पहिल्यांदा मतदार दिसला, इतका वेळ नुसते नेते होते.

निरा डावा कालवा

आता पुढचं बोला. जुलै 2025 ला जगताप भाजपमध्ये गेले. टेकवडे त्याआधीच गेलेत. म्हणजे गेल्या वीस वर्षांतले तिन्ही आमदार महायुतीत. शिवतारे मंत्रिपद न मिळाल्यानं डिसेंबर 2024 लाच जाहीर नाराज. विरोधात उभं राहायला तालुक्यात माणूस कोण उरला?

कऱ्हाकाठ

जागा रिकामी राहणार नाही. इथं सत्तेतल्याच्या समोर कुणीतरी उभा करायची मतदारांना सवय आहे, पक्ष मग कुठला का असेना. शिवतारे आणि जगताप एका युतीत असले तरी तिकीट एकच. ज्याला मिळणार नाही तो घरी बसेल असं सासवडमध्ये कुणी मानत नाही. 2009 चा शिवताऱ्यांचा रस्ता दोघांनाही पाठ आहे.

घाटाखालचा

किंवा दोघांच्या भांडणात आमच्यातला तिसरा. वडकीपासून फुरसुंगीपर्यंत आतापासून बॅनर लागलेत, वाढदिवसाचे. तुम्ही घाट उतरून बघून जा.

एसटी स्टँड सासवड

वाढदिवसाच्या बॅनरवर आमदार होत असते तर आमच्या स्टँडसमोरच चाळीस झाले असते.